साडेचार वर्षांचा एआयओ गुळगुळतोय, रेंडरला ८९ डिग्री, बदलू की एअर कूलर बसवू?

जत्रा_एडिट (डिचोली)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण नीट वाचून सांगा, माझं सगळं काम या एकाच मशीनवर चालतं. मी लग्नाचे व्हिडिओ आणि जत्रेतल्या नाटकांचं शूटिंग-एडिटिंग करते, दिवाळीनंतर देवळांच्या जत्रा सुरू झाल्या की मेपर्यंत उसंत नसते, कधीकधी पीसी गाडीत घालून मांडवात नेते आणि तिथून नाटक लाइव्ह दाखवते. मशीन म्हणजे रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर (सीपीयू), ३०६० ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम आणि २४० चा एआयओ लिक्विड कूलर, म्हणजे पंपाने पाणी फिरवून प्रोसेसर थंड करणारा सीलबंद संच (२४० हे त्याच्या रेडिएटरचं, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या जाळीचं, मिलीमीटरमधलं माप), सगळं एकदमच घेतलं होतं, त्याला आता साडेचार वर्षं झाली.

महिनाभर झाला, सकाळी पीसी चालू केला की कॅबिनेटमधून गुळगुळ आवाज येतो, कळशी उपडी करताना येतो ना तसा, दोनेक मिनिटांनी थांबतो. नुसता आवाज असता तर चाललं असतं पण आधी नाटक एक्सपोर्टला (रेंडरला) टाकलं, म्हणजे एडिट केलेल्याची शेवटची व्हिडिओ फाइल बनवायला लावली, की टेम्परेचर ७४-७५ वर स्थिर राहायचं, आता दहा मिनिटांत ८८-८९ होतं आणि तिथून हलतच नाही, प्रोसेसरचा स्पीड ४.४ गिगाहर्ट्झवरून ३.७ वर उतरतो. पन्नास मिनिटांत होणारं काम आता तासावर जातं. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगच्या स्क्रीनवर, पंपाचा आरपीएम (मिनिटाला फेरे) मात्र पूर्वीसारखाच २७०० च्या आसपास दिसतोय. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट बदलून झाली, रेडिएटर ब्लोअरने साफ केला, आमचं घर चिऱ्यांचं आणि रस्त्याला लागून त्यामुळे लाल धूळ भरपूर निघाली, पण फरक पडला जेमतेम दोन डिग्रीचा.

एका दुकानात दाखवलं तर म्हणाले आतलं पाणी कमी झालंय, ८०० रुपयांत भरून देतो, नवीन घ्यायची गरज नाही. स्वस्त आहे पण माझं मन घेत नाही. असं भरता येतं का? आणि समजा उद्या गळला तर खालचं ग्राफिक्स कार्ड जाईल का, कारण आता तेवढ्या पैशांत कार्ड परत मिळणार नाही. एअर कूलर (प्रोसेसरवर बसतो तो, नुसता पंखा आणि धातूच्या पट्ट्यांचा, पाणी नसलेला) लावला तर ५८००एक्सला पुरेल का, आमच्या खोलीत दुपारी ३१-३२ असतं, एसी नाही. पुढच्या आठवड्यात दोन नाटकं द्यायची आहेत, खरंच टेन्शन आलंय.

पंखा_आधी (फोंडा)

ताई, पंप फिरतोय म्हणजे पाणी फिरतंय असं नाही हं, आरपीएम फक्त मोटरचा दिसतो. एक करून बघा, रेंडर लावून पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग सीपीयूवर बसलेल्या ब्लॉकमधून निघणाऱ्या दोन्ही पाइपांना हात लावा आणि रेडिएटरच्या पंख्यातून बाहेर पडणाऱ्या हवेसमोर तळहात धरा. पाच मिनिटांत निकाल काढू नका, पाणी तापायला वेळ घेतं. एअर कूलर लगेच खरं काय ते सांगतो, लिक्विडवाला सुरवातीला सगळं छान असल्यासारखा दिसतो.

आणि रेडिएटर कुठे बसवलाय, वर की समोर? समोर असेल तर पाइप वरच्या बाजूला आहेत की खालच्या?

जत्रा_एडिट (डिचोली)

लगेच केलं. एक पाइप चांगलाच गरम, फार वेळ धरवत नाही, दुसरा जवळजवळ थंड. रेडिएटरमधून येणारी हवा पण थंडच लागते, म्हणजे सीपीयू ८९ ला आणि हवा खोलीतल्यासारखी. रेडिएटर समोर आहे, पाइप वरच्या बाजूला, असेंबल करणाऱ्याने तसंच बसवून दिलं होतं.

पंखा_आधी (फोंडा)

मग झालं, पाणी नीट फिरत नाहीये. चांगल्या चालणाऱ्या एआयओत दोन पाइपांमधला फरक दोन-तीन डिग्रीचा असतो, हाताला कळतसुद्धा नाही. बाकी म्हापशाच्या काकांना बोलवतो, त्यांनी ढिगाने उघडलेत.

बाजारपेठ_रिपेअर (म्हापसा)

बाय, सतरा वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो, घाईत असशील तर शेवटचा पॅरा आधी वाच.

सीपीयूवर जो गोल ब्लॉक बसतो त्याच्या तळाशी तांब्याची प्लेट असते आणि तिच्या आतल्या बाजूला केसासारख्या बारीक पट्ट्या कोरलेल्या असतात, दोन पट्ट्यांमध्ये नख जाणार नाही एवढीच फट. पाणी त्या फटींतून जातं तेव्हा उष्णता उचलतं. समोरचा रेडिएटर मात्र बहुतेक सगळ्या एआयओत अ‍ॅल्युमिनियमचा असतो. एकाच पाण्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम आलं की गंज चालू होतो, तो रोखायला कूलंटमध्ये ग्लायकॉलबरोबर गंजरोधक घातलेलं असतं, पण ते कायम टिकत नाही, चार-पाच वर्षांत त्याचा जोर ओसरतो आणि जो गाळ सुटतो तो येऊन अडकतो बरोबर त्या केसाएवढ्या फटींत, कारण सगळ्यात अरुंद जागा तीच. मागच्या महिन्यात एक उघडला, पाच वर्षांचा होता, प्लेट भिंगाखाली धरली तर फटी दिसतच नव्हत्या, पेज थंड झाल्यावर वर जशी साय धरते तसा पांढरट थर सगळीकडे, मऊ टूथब्रशने ओढला तर लांबच्या लांब निघाला. त्याचाही पंप शेवटपर्यंत बरोबर आरपीएम दाखवत होता. तुझी लक्षणं तीच आहेत, एक पाइप गरम, एक थंड, हवा थंड.

आता गुळगुळ. रबरी पाइप कितीही चांगला असला तरी त्यातून पाणी वाफेच्या रूपात अगदी थोडं थोडं बाहेर जातच राहतं, कुठे ओल दिसत नाही, थेंब दिसत नाही, पण वर्षानुवर्षं पातळी उतरते आणि तिथे हवा येते. हवा जाणार सगळ्यात उंच जागी. तुझ्या कॅबिनेटमध्ये उंच जागा म्हणजे रेडिएटरचा वरचा डबा आणि पाइपांची तोंडं नेमकी तिथेच, मग पंप पाण्याबरोबर हवा पण ओढतो. पाइप खालच्या बाजूला असते तर हीच हवा वरच्या डब्यात गप्प पडून राहिली असती. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला असेल तर सगळ्यात उत्तम. फक्त एक कधीच करायचं नाही, पंप सगळ्यात वर आणि रेडिएटर खाली असं बसवायचं नाही. पंपाच्या बेअरिंगला तेल नसतं, पाणीच त्याचं वंगण, हवेत फिरला की झिजतो.

भरून देण्याबद्दल स्पष्ट सांगतो, नको. हा सीलबंद माल आहे. काही मोजक्या मॉडेलना कंपनीनेच भरायचा स्क्रू दिलेला असतो, त्यांची गोष्ट वेगळी. बाकीचे उघडून कोणी बॅटरीचं पाणी घालतं, कोणी गाडीचं कूलंट, पण फटींत बसलेला गाळ तसाच राहतो, म्हणजे मूळ दुखणं तिथेच. आणि एकदा उघडलेलं रबर पूर्वीसारखं बसत नाही. माझ्याकडे एक गिऱ्हाईक आलं होतं, दुसरीकडे असंच भरून घेतलेलं, चार महिन्यांनी जोडातून पाझरायला लागलं आणि थेंब कार्डाच्या मागच्या बाजूला. कार्ड वाचलं नाही.

तशी गळती फार होत नाही, मी बघितलेल्यात गाळ आणि पंप यांनीच जास्त गेलेत. पण तपासायचं असेल तर पाइप जिथे ब्लॉकला आणि रेडिएटरला घुसतो त्या चारही जागा पांढऱ्या टिश्यूने पुसून बघ. ग्लायकॉल पाण्यासारखं वाळून जात नाही, चिकट राहतं, त्यावर धूळ बसून काळपट कडं होतं. असं कडं दिसलं तर त्या दिवशीच मशीन बंद. आणि कधी खरोखर थेंब पडलेला दिसला तर आधी भिंतीवरचा स्विच, मग प्लग काढ, कार्ड काढून ९९ टक्केवाल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन दोन दिवस वाळव, सुकलंय असं वाटलं म्हणून लगेच चालू करू नकोस. नवीन कूलंट विजेला फारसं वाट देत नाही म्हणतात ते बरोबर, पण चार वर्षं धातू खाल्लेलं पाणी आणि त्यात बोर्डावरची धूळ, हे वेगळंच प्रकरण.

आता तुझ्या नाटकांचं. तोपर्यंत बायोसमध्ये जाऊन इको मोड, म्हणजे सीपीयूने वीज कमी ओढायची सेटिंग, चालू कर, ६५ वॅटचा. तुझा सीपीयू १०५ वॅटचा म्हणून विकतात पण तो खरे १४२ पर्यंत ओढतो, इको मोडमध्ये ८८ ला थांबेल. एक्सपोर्टला काही मिनिटं जास्त जातील पण टेम्परेचर खाली येईल आणि मशीन मध्येच बंद पडायची भीती राहणार नाही. ५८००एक्सची मर्यादा ९० डिग्री आहे, तू तिला टेकलीयस.

खारी_हवा (वास्को)

काकांनी लिहिलंय त्यात माझ्याकडून थोडी भर. मी एआयओ नाही, स्वतः जोडलेला कस्टम लूप वापरतो, सहा वर्षं, समुद्र घरापासून चालत पाच मिनिटांवर.

कस्टममध्ये सगळं उघडता येतं, साफ करता येतं, भाग बदलता येतो, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा, पण त्याला दरवर्षी एक रविवार द्यावा लागतो. मी पावसाआधी सगळं रिकामं करतो, ब्लॉक खोलून ब्रशने घासतो, डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीनदा धुतो आणि तयार कूलंट नवीन भरतो. विहिरीचं किंवा नळाचं पाणी एक थेंबही नाही, क्षार बसतात. आणि एक नियम कडक, लूपमध्ये तांबं, पितळ, निकेल चालेल, अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा नको. सुरवातीला पारदर्शक मऊ पाइप लावले होते, दिसायचे मस्त, वर्षभरात ढगाळ झाले आणि प्लास्टिकमधला चिकटपणा पाण्यात उतरून ब्लॉकमध्ये जमला, तेव्हापासून काळे ईपीडीएम रबराचे पाइप. तसंच ते दुधी रंगाचे कूलंट, फोटोला सुंदर, पण रंगाचे कण खाली बसतात. भरण्याआधी हवेचा छोटा पंप लावून अर्धा बार दाब देतो आणि अर्धा तास काटा हलतो का बघतो. काटा खाली आला तर जोड शोधायचा, मगच पाणी. जत्रेच्या दिवसांत ताईंना एवढा वेळ मिळणार नाही, म्हणून मी त्यांना हा रस्ता सुचवणार नाही.

आमच्याकडे बाहेरून होणारा त्रास जास्त आहे, तो कुठल्याही कूलरला होतो. खारी हवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या खाते, एसीच्या बाहेरच्या युनिटचं जे होतं तेच, पांढरी पावडर सुटते आणि पट्ट्या हाताने चुरतात. माझा रेडिएटर खिडकीकडे तोंड करून होता तेव्हा स्क्रूसुद्धा गंजले, कॅबिनेट आतल्या भिंतीला नेल्यावर कमी झालं. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरतो आणि बेअरिंग जातं. आणि पावसाळ्यात मुंग्या आणि पाली, हे इथल्या लोकांना सांगायला नकोच, कॅबिनेटच्या मागच्या बाजूच्या रिकाम्या फटी बंद करून टाका, मी एकदा पॉवर सप्लायमध्ये मुंग्यांचं अख्खं घर बघितलंय.

मांडवी_काठ (पणजी)

वर एआयओची दुखणीच सगळी आलीत म्हणून दुसरी बाजू लिहितो. माझ्याकडे इंटेलचा आय९-१४९००के प्रोसेसर आहे, तो २५३ वॅट मागतो, त्याला ३६० चा एआयओच लागतो, मोठ्यातला मोठा एअर कूलर लावून बघितला, पुरत नाही. पाणी एवढ्याच जागेत हवेपेक्षा तीन हजार पटींहून जास्त उष्णता धरतं, ती ताकद आहेच. माझं म्हणणं एवढंच की एआयओ घ्यायचा तर तो गाडीच्या बॅटरीसारखा धरा. वॉरंटी मॉडेलप्रमाणे तीन, पाच, सहा वर्षं असते, ती संपली की तो बदलायचा, बिघडायची वाट बघायची नाही. आणि वॉरंटी कार्डावर हे वाचा की गळून दुसरे पार्ट गेले तर त्याची भरपाई कंपनी देते का. माझा पहिला गेला तेव्हा तो कुरिअरने मुंबईला पाठवावा लागला, परत यायला पाच आठवडे गेले, तेवढे दिवस मशीन बंद. आता कपाटात एक साधा एअर कूलर ठेवूनच दिलाय.

पंपाची वायर पंप लिहिलेल्या पिनांवर लावून कायम फुल स्पीडला ठेवा. पंख्यांचा वेग कमीजास्त करा, पंपाचा नको.

अजून एक, पावसाळ्यात पाइपवर पाणी सुटतं का असं लोक विचारतात. नाही सुटत, कारण आतलं पाणी खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही. पण जत्रा_एडिट ताई, तुम्ही पीसी एसी गाडीतून नेत असाल तर हे तुमच्यासाठी आहे. जुलैत बाहेर २८ डिग्री आणि आर्द्रता ९० टक्के असली की २६ डिग्रीच्या खालच्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. एसीत गार झालेला पीसी मांडवात उतरवला की आतला प्रत्येक धातू ओला होतो, डोळ्यांना दिसत नाही. अर्धा-पाऊण तास तसाच ठेवा, मग चालू करा.

जत्रा_एडिट (डिचोली)

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी कधी समजावून सांगितलं नव्हतं. इको मोड रात्रीच केला, ७९-८० वर आलंय, एक नाटक निघालंसुद्धा, पाच-सात मिनिटं जास्त लागली पण जीव भांड्यात पडला.

काका, टिश्यूने चारही जोड पुसले. तीन कोरडे. रेडिएटरच्या वरच्या डाव्या पाइपाच्या मुळाशी टिश्यू चिकटला, काढला तर त्यावर तपकिरी अर्धचंद्र उमटला होता आणि बोटाला लावला तर मधासारखा चिकट. बरोबर त्याच्या खाली ग्राफिक्स कार्डाचं टोक. बघून पोटात गोळा आला. मशीन बंद केलंय, एआयओ आता परत लावणार नाही हे नक्की.

एकच शंका, दोन टॉवरचा, म्हणजे पट्ट्यांचे दोन उभे गठ्ठे असलेला, एअर कूलर घेतला तर तो किलो-सव्वा किलोचा असतो म्हणतात, आणि मी पीसी गाडीत घालून नेते, शिरगावला जाताना रस्ता कसा असतो तुम्हाला माहीत आहे. मदरबोर्डाला काही होणार नाही ना?

बाजारपेठ_रिपेअर (म्हापसा)

तपकिरी कडं म्हणजे पाझर चालू झालाय, वेळेवर बघितलंस. कार्ड काढून त्याचं टोक आणि खालचा स्लॉट अल्कोहोलने पूस, बुरसट किंवा हिरवट काही दिसलं तर फोटो टाक, त्याआधी चालू करू नकोस.

वजनाची शंका बरोबर आहे. नॉक्टुआचा एनएच-डी१५ दोन पंख्यांसकट १.३ किलोच्या वर जातो. घरात उभ्या कॅबिनेटमध्ये त्याने काही होत नाही, मागे लोखंडी प्लेट असते, पण खड्ड्यात आदळला की सगळा हिसका बोर्डावर. म्हणून नेताना कॅबिनेट आडवं झोपव, काच वर आणि बोर्ड खाली, मग कूलर सरळ उभा राहतो आणि ओढ लागत नाही. खाली गोधडी घाल. खरं तर १४२ वॅटला एवढा मोठा नको, सहा हीटपाइपचा (उष्णता पट्ट्यांपर्यंत नेणाऱ्या नळ्या) मधल्या आकाराचा दोन टॉवरवाला बघ, हलका पडतो. फक्त घेण्याआधी दोन मापं काढ, बोर्डापासून काचेपर्यंत किती मिलीमीटर आहे, कारण हे कूलर १५५ ते १६५ पर्यंत उंच असतात, आणि तुझ्या रॅमची उंची, पुढचा पंखा तिच्यावर येतो.

पंखा_आधी (फोंडा)

आणि एअर कूलरमध्ये बिघडणारी वस्तू एकच, पंखा. तो गेला तर कुठलाही १२० मिलीमीटरचा पंखा लावता येतो, फोंड्यात, म्हापशात, मडगावात कुठेही मिळेल, नाटकाच्या मध्यंतरात बदलता येईल. तुमच्या कामाला हे सगळ्यात महत्त्वाचं.

जत्रा_एडिट (डिचोली)

अपडेट देते. स्लॉट स्वच्छ निघाला, कार्डाच्या कडेला एक डाग होता तो पुसला गेला, दोन दिवस वाळवून काल लावलं, चालतंय. कॅबिनेटमध्ये १६० ची जागा होती, १५७ चा कूलर बसला, रॅमसाठी पुढचा पंखा थोडा वर सरकवावा लागला. इको मोड काढून पूर्ण दोन तासांचं नाटक एक्सपोर्ट केलं, खोलीत ३१ असताना ७९ च्या वर गेला नाही आणि स्पीड ४.४ ला परत आला. चालू करताना एकदा स्क्रीनवर सीपीयू फॅन एरर आली होती, मग गेली. देव बरें करूं सगळ्यांचें.

बाजारपेठ_रिपेअर (म्हापसा)

ती एरर सोडून देऊ नकोस बाय. पूर्वी पंपाची वायर जिथे होती तिथेच तू कूलरचा पंखा लावलास का बघ, पंखा सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवरच पाहिजे. आणि बायोसमध्ये त्या पंख्याचा किमान वेग फार कमी ठेवला असेल तर सुरवातीला तो फिरत नाही आणि हीच एरर येते, तो जरा वाढव.